मावशीचं घर टेम्पोतून

चामराजपेटेतल्या माझ्या मावशीवर सत्तरी उलटल्यावर पुन्हा घर बांधायची वेळ आली आहे. सासरच्या जुन्या घराची वाटणी झाली. पुढचा भाग दिरांकडे गेला आणि मावशीच्या वाट्याला मागचा २० बाय ३०चा तुकडा आला: एक पडकी न्हाणी, बुजवलेली विहीर आणि एक नारळ. बंगळुरात जागेला ‘साइट’ म्हणतात, आणि ‘ट्वेंटी-थर्टी’ म्हटलं की रिक्षावाल्याच्याही डोळ्यांपुढे ६०० चौरस फूट उभे राहतात.

मावसभावाला वीटकाम नको आहे. वर्षभर मेस्त्रीच्या मागे फिरण्याइतकी सवड त्याला नाही. त्याच्या लॅपटॉपवर दोन चित्रं होती. एक होतं प्रीफॅब घर, म्हणजे कारखान्यातून सुट्या भागांत येणारं आणि पक्क्या पायावर जोडलं जाणारं, ३२० चौरस फुटांचं. दुसरं चाकांवरचं टायनी होम: लाकडी भिंती, आत माळा, खिडकीत कुंडी, मागे धुक्यातला डोंगर. डोंगर पॅकेजमध्ये धरलेला नव्हता.

मावशीनं दोन्ही चित्रं चष्मा वर-खाली करून पाहिली. “अगं, पण दोन्ही शीट मनेच ना शेवटी?”

‘शीट मने’ हा इथला रोजचा शब्द. गच्चीवर चार भिंती उभ्या करायच्या, वर सिमेंटचा पत्रा टाकायचा आणि खोली भाड्यानं द्यायची, ती शीट मने. एप्रिलात भट्टी, पावसात ताशा. नव्या चकचकीत घरांकडे मावशी या शब्दातून बघते, आणि मला ती नजर मावसभावाच्या नजरेपेक्षा जास्त भरवशाची वाटते.

आधी चाकांचं बघू. अमेरिकेतल्या घरबांधणीच्या नमुना संहितेत, वरचा माळा सोडून, ४०० चौरस फुटांपर्यंतचं घर टायनी मानलं जातं. (मुंबईच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. त्या हिशेबानं आपली माणसं टायनीच्याही निम्म्याखाली राहिली, तीही आल्यागेल्यासकट. त्यांच्यावर कुणी माहितीपट काढून ‘साधेपणाची चळवळ’ म्हटलं नाही.) तिथे घराला चाकं लावली जातात ती बरेचदा नियम चुकवायला. चाकं असली की ते वाहन ठरतं, आणि घराच्या किमान आकाराचे नियम त्याला लागत नाहीत.

इथे चाकं लावून सुटका होत नाही, फक्त कचेरी बदलते. वाहन म्हटलं की आरटीओ आला आणि २.६ मीटर रुंदीची मर्यादा आली. दोन्हीकडच्या भिंती वजा केल्या की आत उरतं ते रेल्वेच्या डब्यासारखं. वाहनाला खाता, म्हणजे पालिकेच्या दप्तरातली मिळकतीची नोंद, मिळत नाही, गृहकर्ज मिळत नाही, आणि विजेच्या मीटरसाठी पत्ता काय लिहायचा हा प्रश्न राहतोच. बंगळुरात दोन माणसं भेटली की तिसऱ्या वाक्याला ‘ए खाता की बी खाता’ सुरू होतं. तिथे खाताच नसलेलं घर घेऊन मावशीनं काय करायचं?

बरं, चाकं काढून टाकली, किंवा हल्लीच्या हौसेप्रमाणे जहाजावरचा कंटेनरच आणून ठेवला, तर? मग ते घर झालं, आणि घराला मापं लागतात. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे एकच खोली असेल तर ती किमान ९.५ चौरस मीटर हवी, रुंदी किमान २.४ मीटर आणि उंची २.७५. नेहमीच्या कंटेनरची आतली रुंदी असते २.३५. पाच सेंटिमीटरनं नापास, आणि ते उष्णतारोधक अस्तर लावायच्या आधी. उंची तर आणखीच कमी. संहिता मार्गदर्शक आहे, अंतिम शब्द स्थानिक उपविधींचा, हे मला ठाऊक आहे. पण ही मापं कुणा कारकुनाच्या लहरीतून आलेली नाहीत. तेवढ्या जागेत माणसाचा श्वास, चुलीचा धूर आणि कोपऱ्यात ठेवलेली गादी मावायची असते.

चाकावरचं घर आपल्याला नवं आहे असंही नाही. राजस्थानातले गाडिया लोहार पिढ्यानपिढ्या बैलगाडीत राहिले, आणि आपल्याकडचे घिसाडी अजूनही गावाबाहेर पालं टाकताना दिसतात. १९५५ साली पंडित नेहरू स्वतः गाडिया लोहारांना घेऊन चितोडगडावर चढले होते, घरात न राहण्याची त्यांची जुनी शपथ सोडवायला. ज्यांचं घर चाकावर, त्यांच्यामागे आपण स्थिर पत्त्यासाठी लागतो. ज्यांच्याकडे पत्ता आहे, ते चाकांसाठी कर्ज काढायला निघालेत. मला यात हसू येतं. मावसभावाला आलं नाही.

आता प्रीफॅब. मावसभाऊ त्याच्या वेगावर भाळला आहे आणि उदाहरणं शहरातलीच देतो. हलसूरजवळच्या केंब्रिज लेआउटमध्ये २०२३ साली उघडलेलं, थ्रीडी छपाईनं बांधलेलं १,०२१ चौरस फुटांचं टपाल कार्यालय दीड महिन्याच्या आत उभं राहिलं. बरोबर, जरी छपाई म्हणजे प्रीफॅब नव्हे. पण त्याला मी एका जुन्या बंगळूरकराची गोष्ट सांगितली.

ओटो केनिग्सबर्गर. बर्लिनचा ज्यू वास्तुविशारद, हिटलरच्या राजवटीतून निसटलेला. १९३९ साली म्हैसूर संस्थानात आला आणि संस्थानाचा मुख्य वास्तुविशारद झाला. टाटा इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे भारतीय विज्ञान संस्थेच्या, आवारात त्यानं केलेल्या इमारती आहेत. इथलं ऊन, इथला वारा, इथला पाऊस त्यानं बारकाईनं अभ्यासला होता. फाळणीनंतर निर्वासितांना निवारा हवा होता, तेव्हा १९४८ साली दिल्लीनं त्याला गृहनिर्माण संचालक म्हणून बोलावलं. दिल्लीत सरकारी घरांचा कारखाना निघाला. हलक्या काँक्रीटचे तक्ते साच्यातून काढायचे, नेऊन जोडायचे, की झालं घर. कागदावर सगळं बिनचूक. प्रत्यक्षात तक्ते वाहतुकीत तडकू लागले, सांधे नीट बसेनात, संसदेत टीका झाली आणि १९५१ साली केनिग्सबर्गर भारत सोडून लंडनला गेला. कारखाना मात्र टिकला. पुढे त्यानं इतर कामं धरली आणि १९७८ साली त्याचं नाव हिंदुस्थान प्रीफॅब झालं.

या गोष्टीतून मावसभावानं एवढंच ऐकलं की प्रीफॅब सत्तर वर्षांपूर्वी फसलं आणि आता तंत्र सुधारलं आहे. तेही खरंच. पोलादी सांगाडा आणि मधे फोम भरलेले आजचे तक्ते त्या काळच्या काँक्रीटपेक्षा कितीतरी शहाणे आहेत. मला म्हणायचं होतं ते वेगळं. तिथे मार खाल्ला तो प्रवासानं आणि सांध्यांनी. म्हणून विक्रेत्याला भिंत किती जाड हे विचारून झालं की सांध्यात काय भरता, छत भिंतीपुढे किती येतं आणि पाच वर्षांनी गळलं तर कोण येईल, हेही विचारायचं. या तिसऱ्या प्रश्नावर फोनवरचा मुलगा म्हणाला, “सर्व्हिस टीम आहे, मॅडम.” कुठे आहे, ते म्हणाला नाही.

प्रवासाचा प्रश्न आम्ही टेप घेऊन सोडवला. चामराजपेट १८९२ची, प्लेगनंतर वसलेल्या बसवनगुडी-मल्लेश्वरमच्या आधीची आखीव वस्ती. मुख्य रस्ते, त्यांना छेदणारे क्रॉस, आणि घरांच्या पाठीमागून मैला वाहून नेण्यासाठी ठेवलेली बोळ. त्या काळी ज्या बोळाकडे सगळ्यांनी पाठ फिरवली, त्याच बोळात आता मावशीचा दरवाजा उघडणार आहे. तिथे दोन्ही बाजूंना स्कूटर, डोक्यावर तारा, कोपऱ्यात ट्रान्सफॉर्मर. आठ फूट रुंदीचं सबंध घर वळवून आत आणायचं तर क्रेन हवी, आणि क्रेनला आधी नारळ पाडायला हवा. तक्ते टेम्पोतून क्रॉसच्या तोंडाशी येतील आणि दोन माणसं एकेक उचलून बोळातून आणतील. टायनी होमचा निकाल मला वाटतं तिथेच, ट्रान्सफॉर्मरपाशी लागला.

आत ३२० चौरस फूट पुरतील का, हे मावशीनं विचारलंच नाही. ती लग्न होऊन आली तेव्हा कुटुंब याच पेटेतल्या एका वठारात राहायचं. वठार म्हणजे एका अंगणाभोवती ओळीनं बिऱ्हाडं, आपल्या वाड्याचा कन्नड भाऊ. दीड खोलीत पाच माणसं. पण पापड अंगणात, भांडण नळावर आणि दुपारची झोप जगलीवर. जगली म्हणजे दारापुढचा ओटा. गिरगावात तेच काम चाळीची गॅलरी करायची. लहान घर चालायचं ते त्याचा निम्मा संसार बाहेर मांडलेला असायचा म्हणून. टायनी होमच्या चित्रात तो डोंगर तेवढ्यासाठीच असतो. डोंगर काढला तर मागे राहते ती गादी आणि इंडक्शनची शेगडी.

म्हणून माझं मत प्रीफॅबला, पण ३२० चौरस फुटांवर थांबणाऱ्या प्रीफॅबला. उरलेल्या २८०त शयनगृह वाढवा असं विक्रेता सुचवतोय. वाढवू नये. तिथे नारळ आहे, कपड्यांची तार येईल, मोलकरणीशी गप्पा मारायला दगड येईल.

घर अडीच फूट पूर्वेला सरकवून नारळ वाचवला आहे. नकाशा परत पाठवताना दारापुढे सहा फुटी जगली दाखवली. कंपनीचं उत्तर आलं की यादीत असा भाग नाही. ‘डेक’ आहे, कृत्रिम लाकडाचा, वेगळ्या दरानं.

मावशीनं त्याच दुपारी मागच्या गल्लीतल्या मेस्त्रीला बोलावलं. दीडशे विटा, चार पोती सिमेंट, वर कडप्पा. तो सोमवारी येतो म्हणाला आहे. कुठल्या सोमवारी, हे मावसभाऊ आता रोज फोन करून विचारतो.