उचंत खात्यातले अक्षर

मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याच्या चुंबकीय नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ साली अलिबागला वेधशाळा उभी राहिली. १९०६ पर्यंत दोन्हीकडे नोंदी घेऊन मेळ पाहिला गेला. केवढी ही दक्षता! संगणकात मात्र आपण नोंदीतल्या अक्षरांबाबत निष्काळजी आहोत.

जुन्या आस्की संकेतात जागा अवघ्या १२८. त्यांत ना देवनागरी, ना अंशाचे चिन्ह. १९९१ पासून युनिकोडमध्ये दोन्ही आहेत, पण जुन्या फायली जुन्याच संकेतांत पडून आहेत. अनोळखी अक्षर आले की काही सॉफ्टवेअर तिथे गुपचूप प्रश्नचिन्ह टाकतात किंवा ते गाळून पुढे जातात. अलिबागचा अक्षांश १८° ३८′. चिन्हे गळाली की उरते १८३८. हा अक्षांश की इसवी सन?

बँकेत आम्ही धनी न कळलेली रक्कम उचंत खात्यात ठेवत असू. अंदाजाने कुणाच्या नावे टाकत नसू. वाचकहो, सॉफ्टवेअरनेही तसेच करावे. अडावे, ओळ दाखवावी, मूळ फाईल जपावी. फाईल देणाऱ्याने संकेताचे नाव लिहावे. १९०४ मधला दिवस पुन्हा मोजता येणार नाही.