दगडाच्या वाघ्यासाठी रण, जिवंत वाघ्याला हाड!

रायगड जिल्ह्यात कुत्र्यावरून रण पेटते, पण तो कुत्रा दगडाचा असावा लागतो! रायगड किल्ल्यावर शिवछत्रपतींच्या समाधीजवळ त्यांचा इमानी कुत्रा मानल्या जाणाऱ्या वाघ्याच्या, 1936 साली उभ्या राहिलेल्या शिल्पावरून 2011 मध्ये हाणामारीची भाषा झाली. पुतळा हलवला गेला, पुन्हा बसवला गेला. 2025 मध्ये तो हटवण्याची मागणी पुन्हा झाली आणि पुन्हा बाह्या सरसावल्या गेल्या. वाघ्या इतिहासात होता की नाही, हा निवाडा संशोधकांनी कागदपत्रांवरून खुशाल करावा. आमचा सवाल निराळा आहे. दगडी वाघ्यासाठी ज्या जिल्ह्यात दोन्ही बाजूंचे घसे कोरडे पडले, त्याच जिल्ह्यात हाडामांसाच्या वाघ्याला एक पडवी मिळू नये, याची लाज कोणाला वाटते की नाही?

हा जिवंत वाघ्या पाहायला गड चढावा लागत नाही. तो पेणच्या एस.टी. स्थानकात बाकाखाली निजतो, वडखळच्या नाक्यावर ट्रकांच्या चाकांतून वाट काढतो, धाटावच्या एमआयडीसीत पाळी सुटली की डब्यातल्या उरल्यासुरल्या पोळीसाठी फाटकाशी उभा राहतो. यातले बहुतेक रस्त्यावरच जन्मले. पण जरा थांबून नीट पाहा. एखाद्याच्या मानेभोवती केस झडलेला गोल वण दिसेल. तो पट्ट्याचा वण आहे! ‘बस’ म्हटले की तो बसतो. प्रत्येक पांढऱ्या मोटारीमागे चार पावले धावतो, काच खाली होत नाही असे पाहून परत येतो. हा भटका नव्हे, हा टाकलेला आहे. त्याला कोणीतरी नाव ठेवले होते, मुलांसोबत त्याचे फोटो काढले होते. मग घाटाखालच्या या रस्त्यावर दार उघडले, त्याला उतरवले आणि गाडी पुढे गेली.

कोण ही माणसे? शनिवार-रविवारची हवा खायला फार्महाऊस बांधणारे यात आहेत. पावसाळ्यात फाटकाला कुलूप लागले की राखणीचा कुत्रा वाऱ्यावर. बदली झाली, बाळ झाले, नव्या सोसायटीत चालत नाही, अशी कारणे सांगणारे आमचे पेणकर-रोहेकरही यात आहेत. पिल्लू गोंडस म्हणून वाढदिवसाला आणायचे, वर्षभरात ते तीस किलोचे झाले, चपला कुरतडू लागले, की ‘गावाकडे सोडून आलो, मोकळे राहील बिचारे’ असे सांगत फिरायचे! हे मोकळे सोडणे नव्हे, हा विश्वासघात आहे. आयते अन्न खाऊन वाढलेला कुत्रा रस्त्यावर भुकेने खंगतो, टोळीतल्या कुत्र्यांकडून फाडला जातो, नाहीतर महामार्गावर चिरडला जातो.

आणि कायदा? प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा 1960 सालचा. जनावर भुकेने-तहानेने तळमळेल अशा स्थितीत टाकून देणे, त्याला तासन् तास आखूड साखळीने जखडून ठेवणे, हे दोन्ही त्याच्या कलम 11 खाली गुन्हे आहेत. शिक्षा काय? पहिल्या गुन्ह्याला दहा ते पन्नास रुपये दंड! पेणच्या स्टँडसमोर एक मिसळ आणि दोन चहा घेतले तरी याहून जास्त पैसे जातात. ही रक्कम वाढवण्यासाठी दुरुस्तीचा मसुदा केंद्राने 2022 मध्ये लोकांपुढे ठेवला. कायद्याच्या पुस्तकात मात्र तो आला नाही. इमानाची किंमत पन्नास रुपये ठरवणाऱ्या संसदेला आम्ही विचारतो, साठ वर्षांत तुमचे भत्ते किती वेळा वाढले?

आता तर प्रश्न दाराशी आला आहे. सर्वोच्च न्यायालयाने 22 ऑगस्ट 2025 रोजी सांगितले की रस्त्यावरच्या कुत्र्यांची नसबंदी व लसीकरण करून त्यांना मूळ जागी सोडा. पिसाळलेले आणि हल्लेखोर मात्र सोडू नका. त्याच आदेशात प्राणिप्रेमींना कुत्रा दत्तक घेण्यासाठी स्थानिक संस्थेकडे अर्ज करण्याची वाट खुली करून दिली आणि एकदा घेतलेला कुत्रा पुन्हा रस्त्यावर येता कामा नये, अशी जबाबदारीही घेणाऱ्यावर टाकली. पाठोपाठ 7 नोव्हेंबरला आदेश आला, की शाळा, रुग्णालये, बस स्थानके, रेल्वे स्थानके येथील कुत्रे उचलून निवाऱ्यात न्या आणि पुन्हा तेथे सोडू नका. उत्तम! मग पेण नगर परिषदेने आणि रोहा अष्टमी नगर परिषदेने जाहीर सांगावे, की स्टँडवरून उचललेला कुत्रा नेमका कुठे जाणार? किती पिंजरे, किती डॉक्टर, रोजच्या जेवणाचा खर्च कोणत्या खात्यावर? निवारा म्हणजे मरेपर्यंतचा तुरुंग नव्हे. एका दाराने कुत्रे आत येत राहिले आणि दुसऱ्या दाराने घराकडे गेले नाहीत, तर निवाऱ्याचा कोंडवाडा व्हायला सहा महिनेही लागणार नाहीत. ते दुसरे दार म्हणजेच दत्तक. आणि तिथेच आमच्या समाजाचा ढोंगीपणा उघडा पडतो, कारण दत्तक घ्यायला आलेला प्रत्येक जण पिल्लूच मागतो!

आम्ही म्हणतो, मोठा कुत्रा घ्या. दया म्हणून नव्हे, शहाणपण म्हणून घ्या. पिल्लू आणणे म्हणजे पत्रिकेवरून लग्न ठरवणे. मोठा कुत्रा आणणे म्हणजे माणूस पाहून, चार शब्द बोलून होकार देणे. तो केवढा होणार ते दिसते. मुलांत रमतो की बिचकतो, मांजर पाहून चवताळतो की मान वळवतो, एकटा राहतो की दार ओरबाडतो, हे त्याला सांभाळणारा कार्यकर्ता आधीच सांगू शकतो. दात येण्याचा काळ सरलेला, नसबंदी आणि रेबीजची लस झालेली. निवृत्त जोडप्याला रात्रीतून चार वेळा उठवणारे पिल्लू कशाला हवे? त्यांना पाच वर्षांचा, संध्याकाळी सोबत फेरी मारणारा सोबतीच शोभतो.

मात्र घ्यायचे तर डोळे उघडे ठेवून घ्या. नवा आलेला मोठा कुत्रा पहिले दोन-तीन दिवस कोपरा धरतो, धड जेवत नाही; घराची रीत कळायला त्याला तीनेक आठवडे आणि घर आपले वाटायला तीनेक महिने लागतात, असे हे काम करणारे सांगतात. तोवर गळ्यात पट्टा, पट्ट्यावर फोन नंबर आणि बाहेर नेताना हातात दोरी, हे सोडू नका. गणपतीत ढोल-ताशे आणि दिवाळीत फटाके सुरू झाले की त्याला आतल्या खोलीत ठेवा. घाबरून पळालेला नवा कुत्रा परतीची वाट जाणत नाही. नुसत्या दूध-पोळीवर जगवू नका. भाताबरोबर अंडे, चिकन द्या. कांदा, द्राक्षे, चॉकलेट त्याला विषासारखी. कोकणच्या पावसात गोचीड अंगाला लागतात आणि तापाने धडधाकट कुत्रा आठवड्यात झोपतो, म्हणून रोज कानामागे आणि बोटांच्या बेचक्यात बोटे फिरवा. रेबीजची लस दरवर्षी. एवढे जमत नसेल तर कृपा करून घेऊच नका!

‘कुत्रे चावून माणसे मरतात आणि तुम्हाला कुत्र्यांचा पुळका!’ हा आक्षेप आम्ही झटकणार नाही. ज्या घरात रेबीजने मूल गेले, त्या घरापुढे प्राणिप्रेमाची प्रवचने देणाऱ्याने आधी मान खाली घालावी. पण रेबीज कशाने हटतो? काठीने? मुंबईत कंपनी सरकारने कुत्रे मारण्याचा हुकूम काढला, तेव्हा 1832 मध्ये पारशांनी दंगल केली. पुढेही मुंबईने दशकानुदशके कुत्रे मारले, तरी कुत्रे संपले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे सरळ आहे, सत्तर टक्के कुत्र्यांना लस टोचा, साखळी तुटते. दत्तक गेलेला प्रत्येक मोठा कुत्रा म्हणजे रस्त्यावरचा एक कमी, लस घेतलेला एक जास्त आणि मादी असेल तर पुढची वेतेही थांबलेली. कुत्र्याचे घर ही माणसाचीच सुरक्षा आहे.

दत्ताच्या पायाशी चार कुत्रे पुजणारे आम्ही, खंडोबाचा कुत्रा मानणारे आम्ही, पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेल्या नामदेवांची गोष्ट कीर्तनात ऐकून डोळे पुसणारे आम्ही! कीर्तन संपवून बाहेर आलो, की चपलेजवळ बसलेल्या कुत्र्याला पहिली लाथ आमचीच. हा भक्तीचा धंदा आता पुरे.

आमच्या मागण्या साध्या आहेत. दोन्ही नगर परिषदांनी पाळीव कुत्र्यांची सक्तीची नोंदणी सुरू करावी, म्हणजे टाकलेल्या कुत्र्याचा मालक सापडेल. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनुसार नसबंदीची जबाबदारी स्थानिक संस्थेची आहे. तिचा हिशेब दर महिन्याला फलकावर लावावा. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्याच्या साहाय्याने महिन्यातून एकदा दत्तक मेळावा भरवावा आणि त्यात मोठ्या कुत्र्यांना पहिली रांग द्यावी. घेणाऱ्याचे घर पाहावे, लेखी हमी घ्यावी, तीन महिन्यांनी पुन्हा जाऊन यावे. नाही जमले तर कुत्रा रस्त्यावर नव्हे, देणाऱ्याकडेच परत यावा. ग्रामदैवत धावीर महाराजांच्या पालखीची व्यवस्था रोहेकर ज्या शिस्तीने करतात, तिचा शंभरावा हिस्सा या कामाला पुरेल. आणि सोसायट्यांच्या अध्यक्षांनी ‘कुत्रे पाळण्यास मनाई’चे फलक उतरवावेत, भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या सूचनांनुसार अशी सरसकट मनाई त्यांना करताच येत नाही.

याच पेण तालुक्यातल्या गागोदे गावी 1895 मध्ये विनोबा जन्मले. 1951 साली पोचमपल्लीत भूमिहीनांसाठी ऐंशी एकरांची गरज त्यांनी बोलून दाखवली आणि एका जमीनदाराने शंभर एकर देऊ केले. त्या विनोबांच्या तालुक्याकडे आम्ही एकर मागत नाही, गुंठा मागत नाही. मागतो ती पडवीतली चार फूट जागा, दोन वेळचे जेवण आणि मोडायचा नाही असा एक शब्द. तेवढेही ज्यांच्याने होत नाही, त्यांनी वाघ्याच्या पुतळ्याच्या बाजूने बोलू नये आणि विरोधातही बोलू नये. त्या वादात तोंड घालण्याचा हक्क आधी घरी एक वाघ्या आणून मिळवा!