तिरोड्याचे जनरल भोसले

दरवर्षी २३ जानेवारीला शाळेत नेताजींच्या तसबिरीला हार घालायचा, चार शब्द बोलायचे आणि पहिला तास सुरू करायचा, हा आमचा शिरस्ता. यंदा आठवीतल्या एका मुलीने हात वर केला. "नेताजींच्या फौजेत आपले कोणी होते का?" आपले म्हणजे कोकणातले की मुसलमान, ते तिने सांगितले नाही. आम्हीही विचारले नाही. दोन्ही उत्तरे शोधायला बसलो आणि दोन्ही एकाच यादीत सापडली.

२१ ऑक्टोबर १९४३ रोजी सिंगापुरात आझाद हिंद सरकार स्थापन झाले, त्याच्या सदस्यांची ही यादी. तीत फौजेचे आठ प्रतिनिधी आहेत. अझीझ अहमद, झमान कियानी, एहसान कादिर, शाहनवाझ खान, भगत, गुलझारा सिंग, लोगनाथन आणि जे. के. भोसले. आठांपैकी चार मुसलमान. आणि भोसले? तेही कोणी लांबचे नव्हेत. जगन्नाथराव कृष्णराव भोसले, जन्म १९०६, गाव तिरोडे, संस्थान सावंतवाडी. आज तो भाग सिंधुदुर्गात आहे, पण १९८१ पर्यंत सावंतवाडीही आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यात होती.

डेहराडूनचे सैनिकी विद्यालय, मग विलायतेत सँडहर्स्ट, आणि गोऱ्या साहेबाच्या सैन्यात अधिकारी. त्या काळी कोकणातल्या मुलासाठी ही लहान मजल नव्हती. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर पडले आणि हजारो हिंदी सैनिक जपान्यांच्या कैदेत गेले. त्यांच्यातूनच आझाद हिंद फौज उभी राहिली. पहिला प्रयत्न फसला. १९४३ च्या सुरुवातीला घडी पुन्हा बसवली तेव्हा सैनिकी कचेरीचे प्रमुख भोसले होते, फौजेचे सेनापती कियानी होते आणि सेना-कार्यालय शाहनवाझ खान पाहत होते. नेताजी सिंगापुरात पोहोचले ते जुलैमध्ये. तोवर गाडा या मंडळींनी ओढला. जपान्यांची मदत घेणे बरोबर की चूक, यावर आजही वाद होतात, आणि ते व्हावेत. पण ब्रिटिश पलटणीत ज्यांच्या चुली धर्माप्रमाणे वेगळ्या, ती माणसे या फौजेत एका पंगतीला जेवली. ब्रीद होते इत्तेहाद, एतमाद, कुर्बानी. आम्ही उर्दूही शिकवतो, म्हणून अर्थ सांगून ठेवतो: एकी, विश्वास, त्याग. 'जय हिंद' हे अभिवादनही हैदराबादच्या आबिद हसन यांनी सुचवलेले. शाळेत रोज म्हणतो, पण हे किती घरांत माहीत असेल?

युद्ध संपले, आणि दोन वर्षांत फाळणी. कियानी पाकिस्तानात गेले. शाहनवाझ खान यांचे घर रावळपिंडी जिल्ह्यात, तरी ते इकडे राहिले आणि १९५२ ला मेरठहून लोकसभेत निवडून आले. आझाद हिंदच्या माणसांना स्वतंत्र भारताच्या सैन्यात परत घेतले गेले नाही. आम्हाला तरी हे कधी पटलेले नाही. भोसले त्याच निवडणुकीत काँग्रेसतर्फे आपल्या जिल्ह्यातून निवडून गेले. म्हणजे फाळणीने दोन देशांत वाटल्या गेलेल्या सोबत्यांपैकी दोघे दिल्लीत एका सभागृहात बसले.

नेहरूंनी भोसल्यांना पुनर्वसन खात्याचे उपमंत्री केले. दिल्लीच्या लाजपतनगरात कस्तुरबा निकेतन म्हणून निर्वासितांची वसाहत होती. घरदार सुटलेली तिथली मुले कोणाला आवरत नव्हती. भोसल्यांनी १९५४ मध्ये तिथे राष्ट्रीय अनुशासन योजना सुरू केली. कवायत, व्यायाम, गाणी, देशाच्या गोष्टी. शिकवायला घेतलेल्यांत आझाद हिंदचे जुने सैनिक होते. ज्यांना सैन्याचे दार बंद, त्यांना शाळेचे उघडले! पुढे योजना शिक्षण खात्याकडे गेली, अनेक राज्यांत पसरली, शिक्षक तयार करण्यासाठी राजस्थानात सरिस्क्याला केंद्र निघाले. १९५७ नंतर भोसले लोकसभेत नव्हते, पण या कामात राहिले. १९६३ मध्ये ते वारले. दोन वर्षांनी सरकारने ही योजना इतर योजनांत मिसळून टाकली.

कवायतीने मूल सुधारते यावर आमचा फारसा भरवसा नाही. वीस वर्षांच्या नोकरीत छडीची शिस्त पुष्कळ पाहिली. पण ज्या मुलाचे गावच नकाशावरून पलीकडे गेले, त्याला रांगेत आपली एक ठरलेली जागा मिळणे, शेजारी रोज तोच सोबती असणे, ही वेगळी गोष्ट वाटते.

त्या मुलीला आम्ही आठ नावे वहीत उतरवून दिली. आता ती प्रत्येक नावापुढे गाव लिहिणार आहे. तिरोडे आणि शाहनवाझ खान यांचे मटोर, ही दोन झाली. देवरूखच्या ग्रंथालयात उरलेली सहा मिळतात का, ते येत्या रविवारी पाहायला जाणार आहोत.