‘किती घेणार?’ विचारलंत की संपलं



सुट्ट्या लागल्या की ‘प्रवाशांनो, फसवणुकीपासून सावध राहा’ अशा सूचना सगळीकडे दिसू लागतात. सावध राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते मात्र कुणी सांगत नाही.

गेल्या महिन्यात अकोल्याहून माझी मावशी आली. मुंबईतलंच एक टर्मिनस. नाव लिहीत नाही, तिथे उतरणाऱ्यांना ठाऊक आहे. मी ट्रॅफिकमध्ये अडकलेला. मावशीने पिशव्या सावरत बाहेरच्या रिक्षावाल्याला विचारलं, ‘भाऊ, किती घ्याल?’ लोकलचं स्टेशन जेमतेम दीड किलोमीटरवर. ‘मीटर बंद आहे, अडीचशे.’ तिने घासाघीस करून दोनशेवर आणलं आणि मला ते मोठ्या फुशारकीने सांगितलं. मुंबईत फेब्रुवारी २०२५ पासून पहिल्या दीड किलोमीटरला रिक्षाचं भाडं २६ रुपये आहे, टॅक्सीचं ३१. हे अकोल्याच्या बाईला कोण सांगणार?

‘किती घेणार?’ विचारलं की मीटरचा विषयच संपतो. ‘मीटर टाका’ म्हणावं, आकडा किमान भाड्यावरूनच सुरू होतोय ना ते बघावं. नाही म्हणाला तर पुढची रिक्षा. ‘रात्र आहे, डबल होईल’ हेही खोटं. मध्यरात्रीपासून पहाटे पाचपर्यंत सव्वापट, बस्स.

रांगेत तासन्‌तास थांबून जवळचं भाडं मिळालं तर परवडत नाही, असं चालक म्हणतात. त्यात तथ्य आहे. मग टर्मिनसवरून सुटणाऱ्या रिक्षा-टॅक्सींना जादा दहा-वीस रुपये रीतसर ठरवून द्या, प्रीपेड खिडकीवर लावा. रांगेची भरपाई नवख्या माणसाच्या खिशातून कशाला? आणि आपणही काही साळसूद नाही. पाऊस लागला की ‘मीटर राहू दे, शंभर घे’ म्हणणारे इथलेच. एरवी सुटे चार रुपये मोजून परत करणारे रिक्षावाले मला रोज भेटतात. नाव त्यांचंही खराब होतं.

रेल्वेने आणि आरटीओने बाहेर पडायच्या दारावरच मोठ्या अक्षरांत भाडं लिहावं: मराठीत, हिंदीत, इंग्रजीत. आणि संपादक महोदय, एक विनंती आपल्याला. सोन्याचा भाव आपण रोज छापता. सुट्टीच्या दिवसांत त्याच चौकटीत रिक्षा-टॅक्सीचं किमान भाडंही छापा.

– एक वाचक, चेंबूर, मुंबई