‘मासे बंद’ एवढ्याने पथ्य होत नाही

शिराळा परिसरात मासे म्हणजे वारणा-मोरणेचे मासे आणि बाजारातील सुकट-बोंबील, असे आम्ही पूर्वी गृहीत धरीत असू. आता बर्फाच्या पेट्यांतून कोकणचे समुद्रमासे घाट चढून येथवर येतात. त्यांत तांबोशीला मान मोठा, भावही मोठा. “डॉक्टरसाहेब, तांबोशी चालेल का?” असे रुग्ण विचारतो आणि आम्ही बहुधा दोन शब्दांत उत्तर देतो : मासे बंद. हे उत्तर आम्हांस आता अपुरे वाटते.

शास्त्राने ‘मत्स्य’ हे एकच द्रव्य कधी मानले नाही. चरकाचार्यांनी मत्स्यांत रोहित श्रेष्ठ व चिलिचिम अत्यंत अहितकर मानला. दुधासह मत्स्यसेवन वीर्यविरोधामुळे निषिद्ध ठरविले. सुश्रुताचार्यांनी नादेय व सामुद्र असा भेद करून, सामुद्र मत्स्य मांसाशी असल्याने विशेष बलकर सांगितले.

तांबोशी खरोखरच मांसाशी आहे. खडकाळ तळाशी राहून ती लहान मासे, खेकडे, कोळंबी खाते. तिचे काही भाऊबंद शंभर ते चारशे मीटर खोलीवर राहतात. तेथे लाल प्रकाश पोहोचत नाही, त्यामुळे तांबडे अंग काळोखात लपून जाते. हे खोल पाण्यातील मासे सावकाश वाढतात. त्यांतील एका जातीचे मासे चाळीस वर्षांहून अधिक जगल्याचे कर्णास्थींच्या परीक्षणातून दिसले आहे.

शंभर ग्रॅम कच्च्या मांसात सुमारे २० ग्रॅम प्रथिने व जेमतेम १.३ ग्रॅम स्नेह असतो. म्हणजे कृश रुग्णास प्रथिनांसाठी ती उत्तम. परंतु ओमेगा-३ स्नेहासाठी स्वस्त तारली व बांगडा तिच्याहून सरस आहेत. महाग तेच गुणकारी, हा समज गरीब रुग्णाच्या खिशास विनाकारण भार देतो.

ज्या मांसाशित्वाने बल येते, त्याच वाटेने दोषही येतो. लहान माशांतील पारा मोठ्या माशांत साठत जातो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१७ साली गर्भवतींसाठी दिलेल्या सल्ल्यात तांबोशीच्या कुळातील मासा आठवड्यातून एकदाच घ्यावा असे म्हटले. तारलीस मात्र सर्वोत्तम गटात ठेवले. प्रवाळ भागातील मोठ्या तांबोशीत सिग्वाटेरा विषही साठते. ते शिजवून नष्ट होत नाही. उलट्या-जुलाबांसह थंड वस्तू गरम भासणे हे त्याचे विशेष लक्षण होय. हे लक्षण दिसताच रुग्णास विनाविलंब रुग्णालयात पाठवावे.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच : पथ्य लिहिताना मासा कोणता, कोठला आणि बर्फात किती दिवसांचा, हे तीन प्रश्न विचारावेत. औषधी दुकानदार बंधूंनीही मत्स्यतेलाच्या कॅप्सूल देण्यापूर्वी घरी कोणते मासे खाल्ले जातात व रक्त पातळ करणारे औषध चालू आहे काय, याची चौकशी करावी. द्रव्यगुण ही आपली विद्या. ती काष्ठौषधींपाशी संपून ताटापर्यंत पोहोचली नाही, तर रुग्णाने आपणांस आहाराविषयी विचारावे तरी कशासाठी?