साचा आणि आंखणी

लेखक होऊं इच्छिणाऱ्या तरुणांचा आमच्याकडे राबता असतो. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला: कथेचें तंत्र कोणत्या पुस्तकांत मिळेल? दुसरा, ती कोठें छापून येईल? काय सांगावयाचें आहे आणि कोणाला, हा प्रश्न क्वचितच निघतो.

ना. सी. फडके यांचें 'प्रतिभासाधन' १९३१ सालीं निघालें. त्या ग्रंथाची योग्यता आम्हांस मान्य आहे. परंतु ग्रंथकर्त्याचें कसब बाजूस ठेवून केवळ कृति पाठ करणाऱ्या शिष्यवर्गाचें काय करावें? पेणेस गणपतीच्या मूर्ति साच्यांतून निघतात, एका साच्याच्या शेंकडों. पण मूर्ति आपणांकडे पाहते आहे असें वाटतें तें डोळ्यांच्या आंखणीमुळें, आणि ती हातानेंच करावी लागते. हें आमच्या इकडील पोरही जाणतें. साहित्यांत मात्र साच्यानेंच डोळे उघडतील अशी पदवीधरांची आशा!

रामवाडी ज्या पेण तालुक्यांत आहे, त्याच तालुक्यांतील गागोदें येथें १८९५ सालीं विनोबा भावे जन्मले. तरुणपणीं ते कविता करीत, आणि ती मनासारखी साधली कीं अग्नीस अर्पण करीत. छापण्याच्या घाईनें व्याकुळ झालेल्यांनीं याचा अर्थ लावून पाहावा. जें बदलावयाचें तें करणाऱ्याच्या आंत बदलून गेलें होतें. कागदाचें काम उरलें नव्हतें. मग 'गीताई' कां छापली? कारण ती मागणारें माणूस होतें. आईला गीता मराठींत हवी होती, आणि मिळणारीं भाषांतरें तिला कठीण पडत. तूंच कां करीत नाहींस, असें तिनें मुलाला विचारलें. ती १९१८ सालीं वारली. अनुवाद १९३० सालीं सुरू होऊन पुढल्या वर्षीं पुरा झाला, १९३२ सालीं छापला गेला. हयात नसलेला एक वाचक बारा वर्षें मनांत धरून ठेवण्याची ही रीत कोणत्या तंत्रग्रंथांत सांपडेल?

त्याच १९३२ सालीं धुळ्याच्या तुरुंगांत विनोबांनीं गीतेवर दर रविवारीं प्रवचनें केलीं. तीं साने गुरुजींनीं टिपून घेतलीं. दुसऱ्याचें बोलणें इतक्या निष्ठेनें उतरविणाऱ्या त्या हातानेंच १९३३ च्या फेब्रुवारींत, नाशिकच्या तुरुंगांत, 'श्यामची आई' पांच दिवसांत लिहून काढली. 'पांच दिवस' एवढेंच ऐकून कोणी वही उघडून बसेल, म्हणून सांगतों कीं त्यांच्यामागें पालगडचें सारें बालपण उभें होतें.

तेव्हां आमच्याकडे पुन्हां येणारानें एवढें करावें. कथा ज्या एका माणसासाठीं लिहिली, त्याला ती आधीं वाचून दाखवावी, आणि तें माणूस जेथें जेथें अडखळलें त्या जागांवर खूण करून कागद आणावे.