सुटकेची तारीख

काल प्रजासत्ताक दिन झाला. सकाळी झेंडा, प्रभातफेरी, पोरांची भाषणे, गोळ्या-बिस्किटे. आज २७ जानेवारी, आणि या तारखेचे जाफराबाद तालुक्यातल्या आमच्या टेंभुर्णीत कुणाला काही वाटायचे कारण नाही. संयुक्त राष्ट्रांनी २००५ मध्ये ठराव करून हा दिवस हिटलरच्या राजवटीत मारल्या गेलेल्या ज्यूंच्या स्मरणासाठी ठरवला. १९४५ साली याच दिवशी सोव्हिएत फौजा पोलंडमधल्या ऑश्विट्झच्या छावणीत शिरल्या. तिथे सुमारे अकरा लाख माणसे मारली गेली होती. त्यांतले दहा लाखांच्या आसपास ज्यू होते.

मराठवाड्याच्या माणसाने मात्र अशी तारीख जरा चाचपूनच घ्यावी. १५ ऑगस्ट १९४७ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा आपला हा टापू निजामाच्या औरंगाबाद जिल्ह्यात होता. इथे तिरंगा लावणे हा गुन्हा होता. पुढचे तेरा महिने निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांचे होते आणि आपली सुटका १७ सप्टेंबर १९४८ ची. देशाची तारीख एक आणि आपली दुसरी, हे ज्याच्या घरात माहीत आहे त्याने २७ जानेवारीबद्दलही पहिल्यांदा हेच विचारावे, की त्या दिवशी नेमके सुटले कोण?

छावणीत जिवंत सापडले ते सुमारे सात हजार. बहुतेक आजारी, उठून चालता न येणारे. त्याच्या नऊ-दहा दिवस आधी, १७-१८ जानेवारीपासून, रशियन तोफा जवळ येताहेत म्हणून नाझींनी साठ हजारांच्या आसपास कैद्यांना बर्फातून पश्चिमेकडे हाकलत नेले होते. ज्याचा पाय थांबला त्याला रस्त्याच्या कडेलाच गोळी. या लोंढ्यात बापलेकांच्या दोन जोड्या होत्या. चौघेही मोनोवित्झ या ऑश्विट्झच्या उपछावणीतले. आय. जी. फारबेन या बड्या जर्मन कंपनीच्या ‘बुना’ कारखान्याला कैदी मजूर पुरवायला ती छावणी उभी केली होती. (कारखाना कृत्रिम रबराचा. हजारो माणसे त्याच्या बांधकामावर मेली आणि रबर मात्र तिथून शेवटपर्यंत निघाले नाही.)

पहिली जोडी व्हिएन्नाची. गुस्टाव क्लाइनमान सोफ्या-खुर्च्यांना कुशन भरणारा कारागीर. पहिल्या महायुद्धात ऑस्ट्रियाच्या बाजूने लढून शौर्यपदक मिळवलेला. बायको टिनी, चार मुले, बाजारपेठेला लागून घर, हातावरचे पोट. १९३८ मध्ये हिटलरने ऑस्ट्रिया गिळला आणि कालपर्यंत ज्यांच्याकडे ऊठबस होती तेच शेजारी शत्रूच्या भाषेत बोलू लागले. सप्टेंबर १९३९ मध्ये गुस्टाव आणि त्याचा सोळा वर्षांचा मुलगा फ्रिट्झ, दोघांनाही उचलले. २ ऑक्टोबरला ते जर्मनीतल्या बुखेनवाल्ड छावणीत पोचले.

तिथे खाणीचे काम. दगडांनी भरलेल्या गाड्या माणसांनी दोराने ओढून चढावर न्यायच्या. गुस्टावने एक छोटी वही मिळवली आणि लपवून ठेवली. त्या वहीत तो पेन्सिलीने चार-दोन ओळींच्या नोंदी करत राहिला. कोण मेले, कुणाला मारहाण झाली, पोरगा आज दिसला का. गवंड्याने रोजाची खाडे-हजेरी मांडावी तशा कोरड्या नोंदी. वही सापडली असती तर मरण ठरलेले होते, तरी ती सगळ्या छावण्यांतून टिकली.

फ्रिट्झला वाचवले ते गवंडीकामाने. रॉबर्ट झीवर्ट नावाचा जुना कम्युनिस्ट कैदी तिथे बांधकामाचा मुकादम होता. त्याने नाझी अधिकाऱ्यांना पटवले की कुशल गवंडी कमी पडताहेत, तर या ज्यू पोरांना हे काम शिकवू. त्या एका युक्तीने कितीतरी पोरे खाणीतून सुटून भिंतीवर चढली. मुकादम म्हटला की आपल्याकडे मजुराच्या कपाळाला आठी पडते आणि छावण्यांतले बरेचसे मुकादम त्या आठीच्या लायकीचेच होते. झीवर्ट निराळा निघाला.

ऑक्टोबर १९४२ मध्ये जर्मनीतल्या छावण्यांतले ज्यू ऑश्विट्झला हलवायचा हुकूम आला. ऑश्विट्झ म्हणजे काय हे तोवर कैद्यांच्या कानावर आले होते. यादीत गुस्टावचे नाव होते. फ्रिट्झचे नव्हते, कारण बांधकामावरचे गवंडी ठेवून घ्यायचे ठरले होते. सोबत्यांनी परोपरीने समजावले की जगायचे असेल तर बापाला विसर. एकोणीस वर्षांच्या त्या पोराने स्वतःहून जाऊन आपले नाव यादीत घालायला लावले. त्याच वर्षी जूनमध्ये आई टिनी आणि बहीण हेर्टा यांना मिन्स्कजवळच्या माली त्रोस्तिनेत्सला नेऊन मारले होते. बापलेकांना ते ठाऊकही नव्हते.

मोनोवित्झमध्ये बापाला चामड्याचे, शिवणकामाचे काम मिळाले आणि मुलगा बांधकामावर राहिला. सव्वादोन वर्षे तशी गेली. मग जानेवारी १९४५ चा तो बर्फातला प्रवास आणि पुढे उघड्या वाघिणींची आगगाडी. गाडी ऑस्ट्रियातून जाऊ लागली तेव्हा बापाने पोराला सांगितले, उडी मार. स्वतःच्या अंगात तेवढे त्राण उरले नव्हते. ज्याला सोडायचे नाही म्हणून फ्रिट्झ ऑश्विट्झला गेला होता, त्याला त्याच्याच सांगण्यावरून मागे टाकून त्याने रात्री धावत्या गाडीतून उडी घेतली. थोड्याच दिवसांत पकडला गेला आणि माउटहाउझेनच्या छावणीत पोचला. अमेरिकन सैन्याने ती छावणी ५ मे रोजी सोडवली. बाप फिरत फिरत बेर्गेन-बेल्झनला गेला होता. तिथे ब्रिटिश फौजा १५ एप्रिलला पोचल्या. दोघे व्हिएन्नात पुन्हा भेटले. गुस्टाव आपल्या कुशनच्या धंद्याला लागला आणि १९७६ मध्ये वारला.

ही हकिगत हातोहात पसरण्यासारखी आहे. ‘बापावरचे प्रेम जिंकले’ एवढ्या ओळीखाली ती मोबाइलवर सहज खपेल. म्हणूनच दुसरी जोडी तिच्या शेजारी बसवल्याशिवाय ती सांगू नये.

एली वीझेल सिगेत या गावचा. आज ते रुमानियात आहे, तेव्हा हंगेरीत होते. बाप श्लोमो दुकानदार, गावात शब्दाला मान असलेला. मे १९४४ मध्ये सगळे कुटुंब ऑश्विट्झला आले. उतरल्या उतरल्या एका कैद्याने कानात सांगितले, पोराने वय अठरा सांगावे, बापाने चाळीस. पोरगा पंधरा वर्षांचा होता, बाप पन्नाशीचा. त्या दोन थापांनी दोघे कामकऱ्यांच्या रांगेत आले. आई आणि धाकटी बहीण दुसऱ्या रांगेत गेल्या, त्या पुन्हा दिसल्या नाहीत. दोघांनी मोनोवित्झ काढले, बर्फ तुडवला आणि उघड्या वाघिणींतून बुखेनवाल्ड गाठले. तिथे बापाला हगवण लागली. शुद्ध हरपत चाललेला बाप पाणी मागत राहिला, पहाऱ्यावरच्याने त्याच्या डोक्यात दंडुका घातला आणि वरच्या फळीवरचा मुलगा जागचा हलला नाही. २८ जानेवारीच्या रात्री केव्हातरी बाप गेला. जग ज्या दिवसाला सुटकेचा दिवस म्हणते त्याच्या दुसऱ्या दिवशी. बुखेनवाल्ड सुटायला ११ एप्रिल उजाडला.

वीझेलने पुढे हे सगळे लिहिले. १९८६ मध्ये त्याला शांततेचे नोबेल मिळाले. पण त्याच्या लेखनातली सगळ्यांत अवघड कबुली हीच, की बाप मेला तेव्हा रडू आले नाही आणि आत कुठेतरी मोकळे वाटले. आपल्याकडे बापाच्या आजारपणात उसासे टाकणाऱ्या पोराला चार लोक नावे ठेवतात आणि इथे तर माणूस स्वतःच स्वतःला नावे ठेवतो आहे. आम्हाला विचाराल तर या दोन मुलांत एक श्रावणबाळ आणि एक करंटा अशी वाटणी करणे हा अन्याय आहे. छावणीची व्यवस्थाच अशी होती की बाप हा मुलाच्या जिवावरचा बोजा व्हावा. भाकरीचा तुकडा एक, त्यात वाटेकरी आला की दोघांचे मरण जवळ. फ्रिट्झच्या हाताला गवंडीकाम होते, बापाच्या हाताला शिवणकाम होते, वर झीवर्टसारखी माणसे होती आणि मुख्य म्हणजे नशीब होते. पंधरा वर्षांच्या, नुकत्याच आलेल्या एलीपाशी यांतले थोडेच होते. ज्यांनी घर फोडायची यंत्रणा उभारली त्यांना सोडून, फुटलेल्या घरातल्या पोराच्या मायेचे माप काढत बसू नये.

आणि आपल्याकडे याची जाण किती? कडक मास्तरला, घरच्या तापट बापालासुद्धा ‘हिटलर’ म्हणायची रीत आहे, त्यात थोडे कौतुकही असते. पुस्तक प्रदर्शनात हिटलरचे आत्मचरित्र व्यक्तिमत्त्व विकासाच्या पुस्तकांशेजारी मांडलेले असते आणि स्पर्धा परीक्षेची पोरे ते ‘जिद्द’ म्हणून उचलतात. कोकणात शतकानुशतके ‘शनिवार तेली’ म्हणून ज्यू सुखाने नांदले, मराठी बोलले, हे आपण अभिमानाने सांगतो. त्यात खोटे काही नाही. पण हिटलरच्या तावडीतून निसटून मुंबईला आलेल्या ज्यूंपैकी कितीतरी जणांना सप्टेंबर १९३९ मध्ये इंग्रजांनी जर्मन नागरिक म्हणून धरले आणि अहमदनगरच्या छावणीत नाझींच्याच शेजारी कोंडले, हेही महाराष्ट्राच्याच भूमीवर घडले. बहुतेकांची चौकशीनंतर सुटका झाली. हुकूम ब्रिटिशांचा होता, तारा मात्र आपल्या नगरच्या माळावर होत्या.

रझाकारांचा काळ आणि ऑश्विट्झ एका तराजूत घालण्याचा आमचा इरादा नाही. ते करणे दोन्हीकडच्या मेलेल्यांचा अपमान होईल. पण गुस्टावच्या वहीची गोष्ट आपल्याला लागू पडते. ती वही आणि फ्रिट्झच्या आठवणी पुस्तकरूपाने १९९५ मध्ये आल्या, घटनेनंतर पन्नास वर्षांनी, आणि वही होती म्हणून आल्या. आपल्याकडे वही नाही. जाफराबाद तालुक्याच्या पूर्वेला बुलढाण्याची हद्द. निजामाच्या मुलखातल्या या कडेच्या गावांतून माणसे रझाकारांच्या भीतीने रातोरात पलीकडे वऱ्हाडात गेली. त्या वेळी दहा वर्षांची असलेली पोरे आज नव्वदीकडे झुकली आहेत. मुक्तिसंग्राम दिनाला त्यांतल्या एखाद्याला शाल-श्रीफळ मिळते, दोन मिनिटे बोलू दिले जाते आणि मग पाहुण्यांचे भाषण सुरू होते.

शाळांनी यंदा सप्टेंबरची वाट पाहू नये. नववी-दहावीच्या मुलांनी मोबाइल घेऊन या म्हाताऱ्यांच्या ओसरीवर जावे आणि झेंड्याबद्दल नंतर विचारावे. आधी विचारावे, घर सोडले त्या रात्री बरोबर काय घेतले? चालता न येणाऱ्या आजोबाला कुणी उचलले की मागे ठेवले? जनावरे कुणाकडे सोडली? परत आल्यावर शेजारी काय बोलले? म्हातारा गप्प बसला तर तेही टिपून ठेवावे आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा जावे.